बेळगावहून कोडी बेंग्रे: लाटेवर पहिल्यांदा उभं राहू पाहणाऱ्यांसाठी

बेळगावात ‘समुद्रावर जाऊया’ म्हटलं की गाडी आपोआप चोर्ल्याच्या दिशेने वळते. शनिवारी सकाळी जांबोटी, कणकुंबी, साखळी, दुपारी कळंगुट, रविवारी रात्री घर. या सवयीत वाईट काही नाही. पण सर्फिंग शिकायचं मनात असेल तर ही सवय घरी ठेवून निघावं लागतं, कारण गोव्याच्या किनाऱ्यावर पाहुणा राजा असतो आणि मासेमारीच्या गावात तो अडगळ असतो. अडगळ न होता दोन-तीन दिवस कसे काढायचे, लाटेवर कसं उभं राहायचं आणि धडधाकट परत कसं यायचं, हे या लेखात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या, समुद्र पाहिलेल्या पण गुडघाभर पाण्यापलीकडे न गेलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

गाव आहे उडुपी जिल्ह्यातलं कोडी बेंग्रे. जमिनीची एक अरुंद पट्टी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सुवर्णा नदी. रस्त्यावर काही ठिकाणी उभं राहिलं तर एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला नदी, दोन्ही एकाच नजरेत येतात. उत्तरेच्या टोकाला सुवर्णा आणि सीता या दोन नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात. समोरच्या तीरावर हंगारकट्टा हे जुनं बंदर. कणकुंबीला उगम पावणारी आपली मलप्रभा समुद्र इतका जवळ असून पूर्वेकडे तोंड करते आणि कूडलसंगमाला कृष्णेत जाते. त्यामुळे नदी समुद्राला मिळते म्हणजे नेमकं काय होतं, हे घाटावरच्या माणसाला सहसा पाहायला मिळत नाही. बेंग्रेच्या टोकावर ते रोज दोनदा दिसतं. भरतीला समुद्र नदीत शिरतो, ओहोटीला नदी समुद्रात धावते.

किनारी कर्नाटकात सर्फिंग रुजलं ते मुल्कीला. उडुपीच्या दक्षिणेला, शांभवी नदीच्या मुखाजवळ, २००४ च्या सुमारास तिथे ‘मंत्र सर्फ क्लब’ सुरू झाला. मणिपालमध्ये शिकायला आलेल्या इशिता मालवीय आणि तुषार पाथियान यांनी २००७ मध्ये ‘शाका सर्फ क्लब’ काढला आणि त्यामुळे कोडी बेंग्रेचं नाव देशभर झालं. इशिता भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाते. २०१६ मध्ये मुल्कीजवळच्या ससिहितलू किनाऱ्यावर ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ स्पर्धा झाली. म्हणजे हा खेळ तिथे कालपरवाचा नाही आणि शिकवणाऱ्यांत स्थानिक मच्छीमारांची मुलंही भेटतात. शक्य असेल तर अशाच एखाद्याकडे शिका. समुद्र त्यांना लहानपणापासून ठाऊक असतो.

पायरी १: महिना आणि वेळ ठरवा

जून ते सप्टेंबर हा विचार डोक्यातून काढून टाका. पावसाळ्यात लाटा मोठ्या, वेड्यावाकड्या येतात, नद्यांचं गढूळ पाणी आणि ओंडके समुद्रात उतरतात. मुरलेले सर्फर कधीकधी उतरतात, नवख्याने किनाऱ्यावर चहा प्यावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणून ताजी मासळीही कमी मिळते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा नवशिक्यांचा काळ. लाटा कंबरेएवढ्या किंवा त्याहून लहान, पाणी कोमट. मार्च ते मेमध्ये लाटा हळूहळू वाढतात, ऊनही वाढतं. ज्याने हिवाळ्यात एकदा हात साफ केलाय त्याने एप्रिलमध्ये जावं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळलेला बरा. सगळं बंगळूर त्याच आठवड्यात तिथे असतं.

दिवसातली वेळ त्याहून महत्त्वाची. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हा मतलई वारा. तो लाटेच्या तोंडावर वाहतो, त्यामुळे लाट ताठ उभी राहते आणि नीट फुटते. साडेदहा-अकराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर नुसती खळखळ होते. म्हणून शिकवणी सकाळी साडेसहा-सातला असते. ‘आरामात उठून नाश्ता करून जाऊ’ म्हणणारा गडी इथे अर्धा दिवस घालवून बसतो.

भरती-ओहोटीचंही थोडं बघा. कोकणातली जुनी माणसं तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. उडुपीच्या किनाऱ्यावर हे गणित घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा मोबाईलवर मलपे किंवा मंगळूर बंदराचं वेळापत्रक पाहा. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, इकडे दीड मीटरच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण नदीच्या मुखावर त्याची ओढ कळते.

पायरी २: आधी पोहायला शिका

काही ठिकाणी ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ असं सांगतात. कंबरभर पाण्यात, सोबत प्रशिक्षक असताना ते खरंही आहे. माझं मत वेगळं आहे. न थांबता पन्नास मीटर पोहता यावं आणि हातपाय न मारता पाच मिनिटं पाठीवर तरंगता यावं, मगच बेंग्रेचं तिकीट काढावं. गोवावेसच्या जलतरण तलावात दोन महिने सकाळी गेलात तर एवढं येतं. विहिरीत, नदीत पोहणाऱ्या खानापूरकडच्या मंडळींना दम असतो, पण नाकातोंडात खारं पाणी गेल्यावर तेही गडबडतात. तरंगायचा सराव त्यांनीही करावा.

घरी करायची दुसरी तयारी म्हणजे फळीवर झटकन उभं राहणं, ज्याला ‘पॉप-अप’ म्हणतात. फरशीवर पालथं झोपा, दोन्ही तळवे छातीच्या बाजूला टेकवा, हात ताठ करत अंग उचला आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणा. गुडघे टेकवायचे नाहीत. गुडघ्यावर थांबायची खोड लागली की ती पाण्यात जात नाही. तालमीत दंड मारणाऱ्यांना हे लवकर जमतं, ऑफिसात बसणाऱ्यांना आठवडा लागतो. कोणता पाय पुढे ठेवायचा ते असं कळतं: डोळे मिटून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी अचानक पाठीत हलकासा धक्का द्यायला सांगा. जो पाय आपोआप पुढे पडतो तोच पुढचा. लीश, म्हणजे फळीला बांधलेली दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात.

कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, दमा, फिट्स, मणक्याचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग शिकवणाऱ्यालाही सांगा. लपवू नका.

पायरी ३: शिकवणी आणि राहण्याची जागा

फोन करून चार गोष्टी विचारा. प्रशिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं किंवा भारतीय सर्फिंग महासंघाचं प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का? एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ? चारपेक्षा जास्त असतील तर मी दुसरीकडे विचारेन. फळी मऊ फोमची आहे का? नवख्याला आठ-नऊ फुटांची मऊ, रुंद फळी लागते. कडक फायबरची छोटी फळी दिसायला देखणी असते, पण ती डोक्यात बसली तर टाके पडतात. आणि चौथं, समुद्र खवळलेला असला तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी वर्ग? उत्तर देताना जो कुरकुरतो, तो खवळलेल्या समुद्रातही तुम्हाला उतरवेल.

एक वर्ग साधारण दीड ते दोन तासांचा असतो. एका वर्गात उभं राहता येतं, पण शिकल्यासारखं वाटत नाही. तीन वर्ग धरा, म्हणजे कमीत कमी दोन मुक्काम. दुसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या अशा दुखतात की दात घासायला हात उचलत नाही, हेही हिशेबात ठेवा.

राहण्यासाठी गावातली होमस्टे बघा. शेजारच्या हूडे आणि केम्मण्णुतही खोल्या मिळतात, पण पहाटेच्या वर्गाला चालत जाता येणं हे मोठं सुख आहे. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. बेळगावचा कुंदा घरमालकिणीसाठी न्या. उडुपीला गोडधोड कमी नाही, पण कुंदा तिथे मिळत नाही आणि ओळख पटकन होते.

पायरी ४: जायचं कसं

अंतर सुमारे चारशे किलोमीटर. गाडीने जायचं तर धारवाड, कलघटगी, येल्लापूर, मग अरबैल घाट उतरून अंकोला. तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून कुमठा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर. अंकोल्याच्या पुढे शिरूरला जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून माणसं गेली होती. जोरदार पाऊस चालू असेल तर त्या पट्ट्यात, आणि अरबैल घाटातही, रात्रीचा प्रवास नको. होन्नावरला शरावतीवरचा पूल लागतो, कुंदापूरच्या अलीकडे मरवंतेला रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी येते. तिथे सगळेच गाडी थांबवतात, तुम्हीही थांबाल. पण भर महामार्गाच्या कडेला थांबू नका, पुढे जागा बघून थांबा.

ब्रह्मावर ओलांडून संतेकट्ट्याला उजवीकडे वळा, केम्मण्णु, हूडे करत बेंग्रे. नकाशात हंगारकट्टा अगदी समोर दिसतं आणि तिकडून जवळ पडेल असं वाटतं. मध्ये नदी आहे. पलीकडे न्यायची होडी चालू आहे का, गाडी घेतात का, हे विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

रेल्वेने जायचं तर पुणे–एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस बेळगाव, लोंढा, मडगाव, कारवार करत उडुपीला जाते. ती आठवड्यातून एकदाच असते, म्हणून दिवस जुळला तरच. एरवी मडगावपर्यंत जाऊन कोकण रेल्वेची दुसरी गाडी धरावी लागते. पावसाळ्यानंतरचा दूधसागर पाहायला मिळतो हा त्यातला फायदा. सगळ्यात सोपी म्हणजे बेळगावहून मंगळूरकडे जाणारी रात्रीची बस. पहाटे उडुपीला उतरा. उडुपीहून खासगी सिटी बस हूडे-बेंग्रेकडे जातात, नाहीतर रिक्षा. पहाटेच्या रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा.

भाषेची काळजी नको. घरात तुळू, बाजारात कन्नड, बऱ्याच ठिकाणी कोंकणी. आपलं ‘री’ लावलेलं धारवाडी वळणाचं कन्नड ऐकून तिथली पोरं हसतात, मनावर घेऊ नका. कोंकणी बोलणारा भेटला तर मराठी सावकाश बोललात की काम होतं. सीमाप्रश्न मात्र बेळगावात ठेवून जा, तिथे कुणाला त्यात रस नाही.

पायरी ५: पिशवीत काय

फार नाही. अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा रॅश गार्ड, कारण फळीवर पालथं पडून छाती-पोट सोलून निघतं. नाडी असलेली हाफ पँट. जीन्स किंवा जाड सुती कपडे पाण्यात शिरले की दोन किलोंनी जड होतात, ते नकोत. साडी-दुपट्टाही किनाऱ्यावरच ठेवा. जाडसर पांढरं, जस्त असलेलं सनस्क्रीन नाकावर आणि कानांवर. चष्मा लागत असेल तर पाण्यात तो जाणारच, डोळ्यांत लेन्स घालूनही उतरू नका. अंगठी, चेन, मंगळसूत्र घरी किंवा खोलीत. पाण्याची मोठी बाटली, केळी, कोरडे कपडे. पट्टी आणि जंतुनाशक मलम. थोडी रोकड, कारण मासळी विकणाऱ्या बायकांकडे दरवेळी यूपीआय असतंच असं नाही.

पायरी ६: गावात शिरताना

सर्फिंग शिकवणारे हा भाग दोन वाक्यांत उरकतात, पण माझ्या मते पाण्यात उतरण्याआधी तोच शिकायला हवा.

ज्या वाळूवर तुम्ही फळी ठेवता, ती कुणाच्या तरी कामाची जागा आहे. इथला मोठा समाज मोगवीर, म्हणजे मच्छीमार. पहाटे छोट्या होड्या उतरतात, त्या लाटांमधून बाहेर काढायला पाच-सहा माणसं कंबरभर पाण्यात ढकलत असतात. त्यांची बाहेर जायची वाट आणि नवख्याची फेसाळ पाण्यात धडपडायची जागा कधीकधी एकच असते. होडी येताना दिसली की फळी काखेत घेऊन बाजूला व्हा. ती वळू शकत नाही, तुम्ही वळू शकता.

कधी किनाऱ्यावरून ओढायचं जाळं लागलेलं असतं. कोकणातली रापण ज्यांनी पाहिलीय त्यांना ओळखता येईल: एक टोक वाळूवर, होडी अर्धगोल फिरून दुसरं टोक लांबवर आणते आणि मग दोन्हीकडून माणसं दोर ओढतात. त्या अर्धगोलाच्या आत पोहायला किंवा फळी घेऊन जायचं नाही. मासे बिथरतात, आणि जाळ्यात फळीची पाती, म्हणजे फिन, अडकली तर तुम्हीही अडकता. दोर ओढायला हात लावायची इच्छा झाली तर आधी विचारा. बहुतेक वेळा ‘या’ म्हणतात. त्यानंतर मासळी वाटताना तिथेच रेंगाळू नका, नाहीतर त्यांना तुम्हाला वाटा द्यावा लागतो.

वाळूवर पसरलेली जाळी आणि वाळत घातलेले मासे यांच्यावरून उडी मारून जाऊ नका, वळसा घाला. होडीत बसून फोटो काढायची हौस सगळ्यांना असते. होडीला फुलं-कुंकू लागलेलं दिसत असेल तर समजून घ्या की ती तिथल्यांसाठी नुसतं वाहन नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हे लोक समुद्राची पूजा करून हंगाम सुरू करतात. झाडाखालचा भूताचा, म्हणजे तिथल्या राखणदार दैवताचा चौथरा किंवा नागबन, म्हणजे नागासाठी राखलेली झाडी, दिसली तर चप्पल काढून बाजूने जा आणि कॅमेरा खाली ठेवा. ओल्या अंगाने, उघड्या छातीने गावातल्या दुकानात शिरू नका. बियरच्या बाटल्या, मोठा स्पीकर, ड्रोन हे तिन्ही गोव्याच्या सामानात राहू द्या.

गाडी लावताना घरमालकाला विचारा. सकाळी रिकामी दिसणारी वाळू दुपारी मासे वाळवायला लागते.

पायरी ७: पाण्यात

पहिली दहा मिनिटं कुणीही पाण्यात सोडत नाही आणि सोडत असेल तर तुम्ही जाऊ नका. किनाऱ्यावर उभं राहून लाटा बघायच्या असतात. त्या तुकड्या-तुकड्यांनी येतात: तीन-चार मोठ्या, मग थोडी शांतता. या लाटा इथल्या वाऱ्याने उठलेल्या नसतात. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळी वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर येऊन उथळ वाळूला लागतात तेव्हा त्या उभ्या राहून फुटतात. त्या कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, हे बघणं हाच पहिला धडा.

मग वाळूवर पॉप-अप, मग फळी घेऊन कंबरभर पाण्यात. इथे एक नियम हाडात मुरवा: फळी कधीही तुमच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये आडवी धरायची नाही. लाट ती उचलून थेट तोंडावर मारते. फळीचं टोक लाटेकडे आणि तुम्ही तिच्या बाजूला. लीशची दोरी हाताला किंवा बोटांना गुंडाळायची नाही, बोट निखळतं.

पहिल्या दिवशी फुटून आलेल्या फेसाळ पाण्यातच काम चालतं. किनाऱ्याकडे तोंड करून फळीवर पालथं झोपा. पायाची बोटं फळीच्या शेपटाला टेकतील एवढंच मागे. फार पुढे सरकलात तर टोक पाण्यात घुसून कोलांटी होते, फार मागे राहिलात तर लाट खालून निघून जाते. प्रशिक्षक मागून ढकलतो. पहिल्या पाच-सहा लाटा नुसत्या पालथं पडून किनाऱ्यापर्यंत या. हे सोडून सगळ्यांना लगेच उभं राहायचं असतं. पण फळीचा वेग पोटाला कळल्याशिवाय पायांना कळत नाही.

उभं राहताना नजर समोरच्या माडांवर, पायांकडे नाही. खाली बघितलं की माणूस खालीच जातो. गुडघे वाकलेले, हात सैल, पाय खांद्याएवढे फाकलेले. लाटेने फळी पकडली हे जाणवल्यावर हातांनी आणखी दोनदा पाणी मागे सारा आणि मग उठा. नव्वद टक्के लोक घाईत उठतात.

पडणं शिकवावं लागतं. पाणी उथळ असतं, म्हणून डोकं किंवा पाय खाली करून सूर मारायचा नाही. पाठीवर किंवा कुशीवर सपाट पडा, फळीपासून दूर. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण लीश ताणली जाऊन फळी उलटी येते. पायाखाली वाळू लागली की पाय उचलून न टाकता घासत चाला. वाळूत पाकट मासा पहुडलेला असला तर तो हलून निघून जातो. त्याच्यावर पाय पडला तर तो काटा मारतो.

एका लाटेवर एकच माणूस, आणि जो लाटेच्या फुटणाऱ्या टोकाच्या जवळ आहे त्याचा हक्क पहिला. दमलात की थांबा. थंडी नसते म्हणून थकवा उशिरा कळतो, आणि अपघात बहुतेक ‘शेवटची एक लाट’ म्हणताना होतात.

पायरी ८: समुद्राची ओढ

लाटा फुटत असलेल्या किनाऱ्यावर मधेच एक पट्टा शांत, थोडा गडद दिसतो आणि फेस तिथून समुद्राकडे सरकताना दिसतो. नवख्याला वाटतं, चला, इथे लाटा नाहीत, इथेच पोहू. तीच ओढ. किनाऱ्यावर साचलेलं पाणी त्या वाटेने परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे थेट पोहायचा प्रयत्न करू नका, पट्टीचा पोहणाराही हरतो. फळी असेल तर ती सोडू नका, तिच्यावर पालथे पडा आणि एक हात वर करून हलवा. फळी नसेल तर तरंगा, श्वास सावरा, मग किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि तिथून लाटांबरोबर आत. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. घाबरून दम संपवणारे बुडतात.

बेंग्रेच्या उत्तर टोकावर, नद्यांच्या मुखात, कधीच पोहायला उतरू नका. ओहोटीला दोन नद्यांचं पाणी एका तोंडातून बाहेर पडतं. वरून ते तळ्यासारखं दिसतं. सूर्यास्त तिथून बघावा, पाय मात्र कोरडे ठेवावेत.

जेलीफिश लागला तर वाळू चोळू नका आणि गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, श्वासाला त्रास किंवा अंगावर सूज दिसली तर सरळ दवाखाना. मणिपालचं मोठं रुग्णालय उडुपीला लागूनच आहे, ही त्या भागाची एक जमेची बाजू.

पायरी ९: दुपारनंतर

अकरानंतर समुद्र तुमचा नाही. जेवा आणि झोपा. उकड्या तांदळाचा भात, नारळाचं वाटण घातलेली बांगड्याची गस्सी, नीर दोसा. तारली मिळाली तर सोडू नका. नदीतल्या तिसऱ्यांना तिकडे मरवाई म्हणतात, त्यांचं सुकं मागून घ्या. शाकाहारी माणसाने उडुपी जिल्ह्यात जेवणाची काळजी करायची म्हणजे कमालच.

चारनंतर नदीची बाजू. सुवर्णेच्या काठाने कांदळवनं आहेत, कयाक घेऊन संथ पाण्यात फिरता येतं. खांदे दुखत असतील तर नावाड्याबरोबर होडीत बसा. खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार सहज दिसतात, हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवेही. भरती चढत असताना निघा, ओहोटीत उथळ चिखलात होडी बसते. केम्मण्णुला नदीतल्या तिम्मण्ण कुद्रू बेटावर जाणारा झुलता पूल आहे. लोक त्यावर उड्या मारतात, तुम्ही मारू नका, बेटावरच्या लोकांची ती रोजची वाट आहे.

एक सकाळ समुद्र खवळलेला निघाला तर मलपेहून सेंट मेरी बेटावर जा. ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटताना वर आलेल्या लाव्हाचे षटकोनी खांब तिथे उभे आहेत. पावसाळ्यात बोटी बंद असतात. उडुपीचा कृष्ण मठ पहाटे लवकर करा, दहानंतर रांग लागते.

परतताना

शेवटच्या दिवशी सकाळचा वर्ग करून अकराच्या आत गाडी काढलीत तर अरबैल घाट उजेडात चढून होतो. बसने जाणार असाल तर दुपार मोकळी मिळते. गाडी घरी आली की खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, दोन दिवसांच्या खाऱ्या हवेने नट गंजायला लागतात. रॅश गार्ड सावलीत वाळवा. कानात पाणी राहिल्यासारखं वाटत असेल तर काडी घालू नका. डोकं एका बाजूला कलवून झोपा, आणि दोन दिवसांनीही कान बंद असेल किंवा ठणकत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.